दाराबाहेरचा बेलिफ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बेलिफ हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जिल्हा न्यायालयांत आजही त्या नावाचं पद आहे. जमिनीचा वाद, उसनवारीचा दावा, भावाभावांतल्या वाटणीचा खटला, यांपैकी काहीही ज्या घरानं पाहिलं, त्या घरानं समन्स घेऊन आलेला बेलिफही पाहिलेला असतो. पण हा माणूस मुळात आपल्या मातीतला नाही. इंग्रजी न्यायालयांबरोबर तो इकडे आला आणि इथलाच झाला. आज मी बोलणार आहे ते त्याच्या मूळ गावच्या भाऊबंदांबद्दल, म्हणजे इंग्लंडमधल्या बेलिफाबद्दल; आणि त्यातही कौन्सिल टॅक्स थकला म्हणून जो दार वाजवतो, त्याच्याबद्दल.

आपल्याला त्याचं काय, असं कोणी विचारील. एक कारण अगदी घरगुती आहे. आज आपल्यापैकी अनेकांची मुलं, सुना, भाचे, पुतणे नोकरी-शिक्षणासाठी तिकडे राहतात. आपल्याकडे घरपट्टीची पावती साधारणपणे घरमालकाच्या नावानं येते. तिकडे कौन्सिल टॅक्स सहसा घरात राहणाऱ्यानं भरायचा असतो. भाडं दिलं म्हणजे सगळं मिटलं, अशी समजूत करून बसलेल्या नव्या भाडेकरूला पहिल्या वर्षी हा कर बेसावध गाठतो. दुसरं कारण इतिहासाचं आहे. देणं वसूल करायला आलेल्या सरकारनं माणसाच्या घरात किती पावलं टाकावीत, या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमध्ये आठशे वर्षं घडत आलं आहे. ते उत्तर घडवण्यात पाद्री आहेत, बायका आहेत, नगरसेवक आहेत आणि एक हिंदुस्थानी राजकन्याही आहे.

बेलिफ हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून. मध्ययुगात बेलिफ म्हणजे सरदाराच्या जमिनीचा कारभार पाहणारा माणूस, आपल्या भाषेत दिवाणजी म्हणा. राजाचेही बेलिफ असत. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टात त्यांचा उल्लेख आहे आणि तो प्रेमाचा नाही. ऋणकोच्या जंगम मालातून देणं फिटत असेल, तर राजानं किंवा त्याच्या बेलिफांनी जमिनीला हात लावू नये, असं एक कलम सांगतं. बेलिफानं कोणाचं धान्य पैसे न देता उचलू नये, असं दुसरं कलम बजावतं. असं लिहून घ्यावं लागलं, यावरूनच काय चाललं होतं ते कळतं. पुढे १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्यानं जप्ती वाजवी असावी, देण्याच्या मानानं अतोनात नसावी, असा दंडक घातला. त्याच शतकातल्या दुसऱ्या एका कायद्यानं, इतर माल पुरेसा असेल तोवर नांगराची जनावरं आणि मेंढ्या जप्त करायला मनाई केली. माणसाचं पोट ज्याच्यावर चालतं ते हिरावून घेतलं, तर तो देणं फेडणार कशातून, हा साधा शेतकरी हिशेब त्यामागे होता.

आता घराच्या दाराकडे येऊ. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात एक घर बेरिसफोर्ड आणि ग्रेशम या दोघांच्या नावावर होतं. बेरिसफोर्ड वारला. सेमेन नावाच्या माणसाचं त्याच्याकडे देणं राहिलं होतं आणि मृताचा माल त्या घरातच होता. वसुलीसाठी शेरीफ आला तेव्हा ग्रेशमनं आतून दार लावून घेतलं. सेमेननं मग ग्रेशमवरच दावा ठोकला. १६०४ मध्ये त्याचा निकाल लागला आणि सेमेन हरला. इंग्रज माणसाचं घर हा त्याचा किल्ला, ही म्हण आपण ऐकलेली असते. कायद्यात ती ठसली ती या खटल्यामुळे आणि एडवर्ड कोक या कायदेपंडितानं केलेल्या त्याच्या नोंदीमुळे.

पण या किल्ल्याच्या सनदेत अटी आहेत. खासगी देण्यासाठी बाहेरचं दार फोडता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. राजाचं काम असेल तर मात्र आधी दार उघडायला सांगून, मग ते फोडता येईल. आणि बाहेरचं दार उघडं मिळालं, तर शेरीफनं आत जायला हरकत नाही. म्हणजे सगळी मदार त्या एका दारावर आणि ते कोण उघडतं यावर. पुढची सव्वाचारशे वर्षं इंग्लंडमधला ऋणको आणि बेलिफ यांचा खेळ या उंबरठ्यावरच चालत आला आहे.

स्थानिक कराची गोष्टही त्याच सुमाराची. १६०१ च्या गरीब-साहाय्य कायद्यानं प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीला, आपल्या गोरगरिबांना पोसण्यासाठी रहिवाशांवर पट्टी बसवायचा अधिकार दिला. ती कोणी भरली नाही, तर दंडाधिकाऱ्यांच्या वॉरंटानं माल जप्त करून विकायचा. माल पुरेसा नसेल, तर तुरुंग. आजच्या कौन्सिल टॅक्सची वसुलीही याच पायऱ्यांनी चढते. गरिबांना मदत करण्यासाठी बसवलेली पट्टी वसूल करताना जप्ती मात्र पुष्कळदा गरिबाच्याच घरी जायची, हा विरोधाभास तेव्हापासूनचा.

जप्त केलेला माल लगेच उचलून न्यायची रीत नव्हती. बेलिफ आपला एक माणूस त्या घरात बसवून जाई. तो स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठाण मांडी आणि पैसे येईपर्यंत खुर्ची-टेबलावर नजर ठेवी. डिकन्सच्या ‘स्केचेस बाय बॉझ’ या १८३६ च्या पुस्तकात असा एक माणूस आपले अनुभव सांगताना भेटतो. डिकन्सला हे जग घरबसल्या ठाऊक होतं. १८२४ मध्ये त्याचे वडील देण्यापायीच मार्शलसी तुरुंगात गेले होते. आपल्या वाचकांना इथे तगाद्याची आठवण होईल. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचं वर्णन आहे: साध्या मागणीपासून दारात पहारा बसवून जेवण अडवण्यापर्यंत. शेगडीजवळ बसलेला इंग्रज माणूस आणि ओसरीवर बसलेला मराठी तगादेदार यांना एकमेकांची ओळख पटली असती.

इंग्लंडमधल्या ऋणकोला एक दिवस मोकळा मिळे, तो रविवार. १६७७ च्या एका कायद्यानं रविवारी दिवाणी हुकूम बजावायला बंदी केली होती. आठवडाभर दार लावून बसलेली माणसं रविवारी छान कपडे करून फिरायला निघत आणि सोमवारी पुन्हा घरात गडप होत. ही सवलत आता उरलेली नाही. आजचा बेलिफ रविवारीही येऊ शकतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गोष्टीला वेगळं वळण लागलं. तोवर बेलिफाला लोक भीत. आता काही लोक त्याची मुद्दाम वाट पाहू लागले. १९०२ च्या शिक्षण कायद्यानं चर्चच्या शाळांना स्थानिक पट्टीतून पैसा मिळू लागला. अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथांना हे मान्य नव्हतं. डॉ. जॉन क्लिफर्ड या बाप्टिस्ट धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी पट्टीतला तेवढा भाग भरायचं नाकारलं. बेलिफ येत, चहाच्या किटल्या, घड्याळं, चमचे घेऊन जात, लिलाव होई, आणि कित्येकदा शेजारीच ती वस्तू विकत घेऊन मालकाला परत देत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शंभराहून अधिक लोक तुरुंगात गेले. सभ्य, चर्चला जाणाऱ्या, एरवी पै न पै चुकती करणाऱ्या माणसांच्या दारात बेलिफ उभा राहिला आणि त्याच्या येण्यातली लाज ओसरली.

त्यांच्या पाठोपाठ बायका उभ्या राहिल्या. मताचा अधिकार नाही तर कर नाही, असं म्हणत डोरा माँटिफिओर यांनी १९०६ मध्ये प्राप्तिकर भरायचं नाकारलं आणि हॅमरस्मिथमधल्या आपल्या घराचं फाटक आतून बंद केलं. सहा आठवडे बेलिफ बाहेर आणि त्या आत. भिंतीवरून खाण्यापिण्याचं सामान आत जाई. बाहेर रस्त्यावर सभा होत. पण हा कर राजाचा होता. सेमेनच्या खटल्यातला अपवाद इथे लागू पडला. अखेर दार फोडलं गेलं आणि माल लिलावात निघाला.

पाच वर्षांनी, १९११ मध्ये, अशीच जप्ती महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया यांच्यावर आली. पंजाबच्या रणजितसिंगांची ही नात लंडनमध्ये राहत होती आणि बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत आघाडीवर होती. कुत्रे, घोडागाडी आणि नोकर ठेवायला तिकडे तेव्हा परवाना लागे. तो त्यांनी घेतला नाही आणि त्याबद्दलचा दंडही भरला नाही. त्यांची हिऱ्यांची अंगठी जप्त झाली, लिलावात आली, आणि चळवळीतल्याच एका मैत्रिणीनं ती विकत घेऊन त्यांना परत दिली. कोहिनूर ज्या घराण्याकडून घेतला गेला, त्या घराण्यातल्या मुलीच्या बोटातली अंगठी दंडापोटी जप्त व्हावी, यावर वेगळं भाष्य नको.

हे सारं दक्षिण आफ्रिकेत बसलेला एक हिंदुस्थानी बॅरिस्टर बारकाईनं वाचत होता. गांधीजींनी पुढे ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ लिहिला, त्यात डॉ. क्लिफर्ड यांच्या लढ्याचा आणि इंग्लंडमधल्या बायकांच्या चळवळीचा उल्लेख आहे. ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ या नावाखाली चाललेल्या त्या लढ्यांपेक्षा आपला सत्याग्रह कुठे वेगळा, हे त्यांनी तिथे समजावून सांगितलं आहे. म्हणजे जप्तीच्या वेळी दारात शांत उभं राहण्याचं जे शास्त्र पुढे १९२८ मध्ये बारडोलीत कसाला लागलं, त्याच्या आधीच्या इतिहासात या इंग्रजी किटल्या आणि घड्याळंही आहेत.

१९२१ मध्ये तर खुद्द नगरसेवकच तुरुंगात गेले. पूर्व लंडनमधलं पॉप्लर हे गोदी कामगारांचं, बेकारीनं गांजलेलं उपनगर. श्रीमंत भागात थोड्या दरानं भरपूर पट्टी जमे. पॉप्लरला तेवढेच पैसे उभे करायला दर कितीतरी चढवावा लागे आणि तो भरणारेही गरीबच. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या मध्यवर्ती संस्थांसाठी गोळा करायची पट्टी लावायलाच नकार दिला. तीस जण तुरुंगात गेले, त्यांत पाच स्त्रिया होत्या. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची सुटका झाली, आणि श्रीमंत भागांनी गरीब भागांचा बोजा वाटून घ्यावा असा कायदा त्याच वर्षी झाला. स्थानिक कर गरिबाला अधिक जड जातो हे त्यांचं गाऱ्हाणं मात्र संपलं नाही.

ते पुन्हा उफाळलं ते पोल टॅक्सच्या वेळी. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं घराच्या किमतीवरची जुनी पट्टी काढून डोईपट्टी आणली. १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये, १९९० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये. त्या त्या गावात प्रत्येक प्रौढाला आकडा सारखाच, मग तो बंगल्यात राहो की खोलीत. अगदी गरिबांनाही निदान पाचवा हिस्सा भरावा लागे. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, तिची छायाचित्रं जगभर छापली गेली. पण या कराला खरी धाप लागली ती जिन्याजिन्यांवर. स्कॉटलंडमध्ये जप्तीचे अधिकारी येणार असं कळलं की शेजारपाजारचे लोक जमत आणि जिना माणसांनी भरून टाकत. १९९१ च्या ऑक्टोबरात ग्लासगोमध्ये जप्त मालाचा एक लिलाव जमावानं होऊ दिला नाही. न्यायालयाची मनाई मोडून तिथे हजर राहिल्याबद्दल टॉमी शेरिडन या पुढाऱ्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि १९९२ मध्ये तुरुंगात असतानाच तो नगरसेवक म्हणून निवडून आला. पुढे स्कॉटलंडच्या नव्या संसदेत त्यानंच विधेयक मांडलं आणि घरगुती सामानाचे असे लिलाव बंद करणारा कायदा २००१ मध्ये झाला.

थॅचरबाई १९९० च्या नोव्हेंबरात पायउतार झाल्या. पोल टॅक्सही गेला आणि त्याच्या जागी १ एप्रिल १९९३ पासून आला तो कौन्सिल टॅक्स. हा कर घराच्या किमतीच्या गटावर ठरतो. इंग्लंडमध्ये ते गट १९९१ च्या किमतींवर बांधलेले आहेत. मूळ रचनेत सर्वांत वरच्या गटातलं घर सर्वांत खालच्या गटातल्या घराच्या फक्त तिप्पट कर भरतं, मग त्याची किंमत दहापट का असेना. पॉप्लरच्या नगरसेवकांनी यावरही भुवया उंचावल्या असत्या.

थकबाकीच्या वसुलीचा क्रम १९९२ च्या नियमांनी घालून दिला. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं. त्यानंतरही हप्ता भरला नाही, तर हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचं समन्स. तिथे एका दिवशी एकाच यादीत शेकडो नावं असतात आणि देणं निश्चित करणारा हुकूम काही क्षणांत निघतो. तो मिळाला की कौन्सिलपुढे अनेक रस्ते खुले होतात: पगारातून कापून घेणं, सरकारी भत्त्यातून कापून घेणं, किंवा बेलिफ पाठवणं. तीन महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूदही त्या नियमांत होती. वेल्समधल्या एका एकट्या आईला अशी शिक्षा झाली आणि ती बेकायदा होती, असा निर्वाळा उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये दिला. तिची ऐपत नीट तपासलीच गेली नव्हती. २०१९ मध्ये वेल्सनं ही तरतूदच काढून टाकली.

याच काळात दोन बदल एकापाठोपाठ झाले. २०१३ मध्ये गरिबांचा कौन्सिल टॅक्स भागवणारा देशव्यापी भत्ता बंद झाला. त्याची जागा प्रत्येक कौन्सिलच्या स्वतःच्या योजनेनं घेतली आणि त्यासाठीचा निधी केंद्र सरकारनं कमी केला. पेन्शनरांना संरक्षण मिळालं. कामाच्या वयातल्या अनेक गरीब कुटुंबांना मात्र पहिल्यांदाच कराचा काही भाग स्वतः भरावा लागला. म्हणजे शे-दोनशे पौंडांच्या थकबाकीवाली नवी घरं यादीत आली. आणि एप्रिल २०१४ पासून बेलिफांचे नियम नव्यानं लिहिले गेले. त्यांचं कायद्यातलं नावही बदललं, ‘एन्फोर्समेंट एजंट’. लोक मात्र बेलिफच म्हणतात.

नवे नियम वाचताना जुना इतिहास समोर उभा राहतो. येण्याआधी सात पूर्ण दिवसांची नोटीस हवी. यायचं ते सकाळी सहा ते रात्री नऊ या वेळात. आत शिरायचं ते दारानंच, खिडकीतून नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालचं मूल असेल तर शिरायचंच नाही. कामधंद्याची अवजारं १,३५० पौंड किमतीपर्यंत जप्त होत नाहीत. नांगराची जनावरं सोडायची तो तेराव्या शतकातला विचारच हा. फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, बिछाने, घरातल्या माणसांपुरतं जेवणाचं टेबल यांना हात लावता येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कौन्सिल टॅक्ससाठी आलेल्या बेलिफाला पहिल्या भेटीत दार फोडून किंवा ढकलून आत येता येत नाही. सेमेन हरला तो निकाल अजून पहारा देतो आहे.

तरीही लोक दार उघडतात. पूर्व लंडनमधल्या एका मोफत सल्ला केंद्रात मी काही दिवस बसून पाहत असे. माणसं प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन येत आणि त्यांत न फोडलेली पाकिटं असत. दहा-दहा महिन्यांची. एका बाईनं मला सांगितलं की, पाकिटावरचा शिक्का ओळखीचा झाला की हात पुढे जात नाही. बेलिफ आला तेव्हा तिनं त्याला आत घेतलं, चहासुद्धा विचारला. दार उघडलं नाही तर पोलीस पकडून नेतील, अशी तिची समजूत होती. तिला तसं कोणी सांगितलंही नव्हतं. आत आल्यावर त्यानं टीव्ही आणि सोफ्याची यादी केली, तिची सही घेतली. ही सही साधी नसते. असा करार झाला आणि त्यातला हप्ता चुकला, तर नोटीस देऊन दुसऱ्या खेपेला त्याला जबरीनं आत येता येतं. चारशे वर्षांची तटबंदी एका सहीनं खाली येते.

याचा अर्थ दार बंद ठेवलं की देणं मिटलं, असा मात्र नाही. २०१४ मध्ये ठरलेले दर पाहा. प्रकरण बेलिफाकडे गेलं की ७५ पौंड. तो दारात येऊन गेला की आणखी २३५. चारशे पौंडांची थकबाकी असेल, तर पहिल्या भेटीनंतर ती ७१० होते, न्यायालयाचा खर्च वेगळाच. दाराबाहेर उभी असलेली गाडी घरात न शिरताही अडकवून ठेवता येते. बंद दार थोडा वेळ मिळवून देतं. त्या वेळात सल्ला केंद्र गाठायचं, ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून मागायचे, आजारपण असेल, लहान मुलं असतील तर तसं लेखी कळवायचं. आपल्याकडून गेलेल्या मुलांसाठी आणखी दोन गोष्टी सांगतो. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर कौन्सिल टॅक्स माफ असतो. घरात प्रौढ माणूस एकच असेल, तर पाव भाग सूट असते. पण दोन्हींसाठी कौन्सिलला कळवावं लागतं. आणि घर बदललं की नवा पत्ता कळवायचा, नाहीतर नोटिसा जुन्या घरी साचत राहतात आणि पहिली बातमी बेलिफच आणतो.

कौन्सिलची बाजूही ऐकायला हवी. याच पैशातून कचरा उचलला जातो, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे मदतनीस पाठवला जातो, अनाथ मुलांची सोय होते. कर बुडवणारे सधन लोकही असतात आणि त्यांच्यासाठी बेलिफ हवाच. अडचण आहे ती निवडीची. ज्याला भरायचं नाही आणि ज्याला भरता येत नाही, या दोघांच्या दारात एकच माणूस, एकच फी घेऊन उभा राहतो. पहिल्याला आपले हक्क वकिलाकडून कळतात. दुसऱ्याला ते कळेपर्यंत त्याची सही होऊन गेलेली असते. २०२२ मध्ये या व्यवसायावर देखरेख ठेवण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालं, ते अशाच तक्रारींच्या दबावामुळे.

आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत याच विचारांची कलमं आहेत. हुकूमनाम्याच्या जप्तीतून अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचे बैल आणि बी-बियाणं वगळलेलं आहे. धर्मरूढीनुसार बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने वगळले आहेत, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. ही साठ आणि बासष्ट क्रमांकाची कलमं आहेत. दाराशी जप्तीचा कागद आला, तर ती वाचून दाखवणारं कोणीतरी गल्लीत असावं, मग ती गल्ली लंडनमधली असो की लातूरमधली.